आधी गोठा, मग म्हैस

कागद झाले, पैसे वळते झाले, किल्ली हातात आली. विमानालाही किल्ली असते, आणि १९७८ सालच्या सेसना १७२ची किल्ली जुन्या लोखंडी कपाटाच्या किल्लीहून फार वेगळी दिसत नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी हात मिळवला आणि सहज विचारलं, "आता ठेवणार कुठे?" आम्ही तिघं भागीदार एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इंजिन तपासून घेतलं होतं, चाळीस वर्षांची लॉगबुकं वाचून काढली होती, विम्याचे दर चार ठिकाणी विचारले होते. विमान उभं कुठे करायचं, हा प्रश्न मात्र "मिळेल की कुठेतरी" एवढ्यावर निभावला होता.

कराडजवळच्या आमच्या गावात आजोबा म्हशी पाळायचे. हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला असता. म्हैस बाजारातून आणायच्या आधी गोठा तयार हवा, आणि गोठा हवा तो घराच्या मागच्या भिंतीला लागून. रात्री जनावर फुरफुरलं तर अंथरुणात ऐकू आलं पाहिजे, असा त्यांचा दंडक. मळ्यात जागा भरपूर, चाराही तिथेच, तरी गोठा घरामागेच. हा दंडक विमानालाही लागू पडतो हे कळायला मला कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि बऱ्यापैकी पैसा घालवावा लागला.

अमेरिकेत छोटं विमान बाळगायला गडगंज असावं लागत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं चार आसनी विमान तिघांत घेतलं, तर एकेकाच्या वाट्याला एखाद्या चांगल्या मोटारीएवढा खर्च येतो. सेसना १७२ ही त्यातली सर्वांत खपलेली जात. १९५६पासून आजवर ४४,०००हून अधिक बनली. आणि ती उतरवायला जागाही विपुल. देशात सर्वांना खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत, आणि त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्शात प्रवासी कंपन्यांची विमानं येतात. बाकीच्या ठिकाणी ना तिकीट खिडकी, ना सामानाचा पट्टा. एक धावपट्टी, एक इंधनाचा पंप, पत्र्याच्या शेडांची रांग आणि कुंपणाला एक फाटक.

आमचं घर सनीव्हेलला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या दक्षिण टोकाकडे. मराठी माणसांनी गजबजलेला हा पट्टा. इथून गाडीने तासा-सव्वातासाच्या आतले सात विमानतळ आमच्या विचारात होते: पालो आल्टो, सॅन कार्लोस, सॅन होजेचा रीड-हिलव्ह्यू, हेवर्ड, लिव्हरमोर, सॅन मार्टिन आणि डोंगरापलीकडे समुद्रकाठी हाफ मून बे. खरं तर आठवा सगळ्यांत जवळ आहे. मॉफेट फील्डची नऊ हजार फुटांवर लांब धावपट्टी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पण ती जागा नासाची, भाडेपट्टा गूगलच्या एका उपकंपनीकडे, आणि आमच्यासारख्यांना प्रवेश नाही. तिच्या कडेने जाताना श्रीमंत शेजाऱ्याच्या रिकाम्या अंगणाकडे बघावं तसं आम्ही बघतो.

उरले सात. त्यांतला कोणता?

नवखा माणूस आधी धावपट्टीची लांबी बघतो. आम्हीही तेच केलं. पालो आल्टोची २,४४३ फूट लांब, ७० फूट रुंद. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी. सॅन कार्लोसची २,६००च्या आसपास. रीड-हिलव्ह्यू आणि सॅन मार्टिन ३,१००च्या घरात. हाफ मून बे ५,०००, लिव्हरमोर ५,२५३, हेवर्ड ५,६९४. आकडे मांडले की डोळे आपोआप मोठ्या आकड्यांकडे जातात.

आता विमानाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. समुद्रसपाटीला, पूर्ण वजनानिशी, वारा नसताना आमचं विमान ८०५ फूट धावून जमीन सोडतं, आणि ५० फूट उंचीचा अडथळा ओलांडायला सुरुवातीपासून १,४४० फूट लागतात. उतरताना ५० फुटांवरून येऊन थांबेपर्यंत १,२५०. हे आकडे नव्या विमानाचे, नव्या टायरांचे आणि कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाचे. त्यांत निम्म्याने भर घातली तरी २,४४३ फुटांत बसतात. थोडक्यात, आमच्या विमानाला पालो आल्टो पुरतो. पुरत नव्हती ती आमची छाती.

आणि आखूड धावपट्टीचा एक फायदा लांबवाल्यांना कधीच मिळत नाही. पाच हजार फुटांवर उतरणारा माणूस दहा मैल जास्त वेगाने आला तरी खपून जातं. सवय सैल होते. पालो आल्टोला वेग आणि टेकण्याची जागा दोन्ही नेमकी साधावी लागतात, नाहीतर पुन्हा उडून दुसरा फेरा मारा. तिथे शिकलेली माणसं कुठेही नीट उतरतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पण अट एकच, उडणं नियमित हवं. महिन्यातून एकदा उडणाऱ्याने आखूड पट्टीच्या वाट्याला जाऊ नये.

धावपट्ट्यांच्या दिशांबद्दल थोडं. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकलेलं: ३१ म्हणजे ३१० अंश, वायव्य. पालो आल्टो ३१, रीड-हिलव्ह्यू ३१, सॅन कार्लोस ३०, हाफ मून बे ३०, सॅन मार्टिन ३२, हेवर्ड २८. सगळ्यांची तोंडं पॅसिफिककडे, कारण विमान उडतं-उतरतं वाऱ्याच्या तोंडावर आणि इथला दुपारचा वारा समुद्रावरून येतो. लिव्हरमोर तेवढा २५, कारण तिथे वारा खोऱ्यातून पश्चिमेकडून घुसतो आणि पुढे ऑल्टमाँट खिंडीतल्या पवनचक्क्या फिरवतो. चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलेल्या कोणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. तात्पर्य, वाऱ्याच्या बाबतीत सातांत फार डावं-उजवं नाही, म्हणून तो मुद्दा इथेच सोडतो.

धुक्याचं तसं नाही. बे एरियात विमानतळ निवडायचा म्हणजे अर्धं धुकंच निवडायचं. उन्हाळ्यात किनाऱ्यालगत समुद्राच्या खोलातलं थंडगार पाणी वर येतं. त्यावरून वाहणारी हवा गारठते, तिच्या डोक्यावर गरम हवेचं झाकण बसतं आणि खाली ढगांची गोधडी पसरते. रात्री ही गोधडी डोंगरांच्या फटींतून बेवर सरकते, सकाळी उशिरा उन्हाने विरते. हाफ मून बे या गोधडीच्या खालीच झोपलेला असतो. पाच हजार फुटांची पट्टी, टॉवर नाही, गर्दी नाही, लाटांचा आवाज. आणि जुलैत दुपारी बारापर्यंत करड्या छताखाली उभी असलेली विमानं. बिगर-टॉवरच्या अशा ठिकाणी वैमानिकच रेडिओवर आपापली जागा सांगत एकमेकांना सांभाळून घेतात. मला ही पद्धत एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखी वाटते, गोंधळाची दिसते पण चालते.

टॉवर असलेल्या विमानतळावरून डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर एरवी ढगांचा तळ किमान १,००० फूट आणि समोरचं तीन मैल दिसायला हवं. ढग आठशे फुटांवर असले की खाली लख्ख दिसत असूनही तुम्ही कॉफी पीत बसता. उपकरणांवर उडण्याचा परवाना असेल तर ही अडचण सुटते, पण पूर्ण नाही. प्रत्येक विमानतळाला ढगातून खाली यायची ठरलेली वाट आणि तिची किमान उंची असते. लिव्हरमोरला आयएलएस आहे, म्हणजे रेडिओचे दोन किरण विमानाला हात धरून पट्टीच्या अगदी जवळ आणतात. पालो आल्टोला उपग्रहावर चालणारी वाट आहे, ती तुम्हाला एवढ्या खालपर्यंत सोबत करत नाही.

निघताना मात्र कायदा चमत्कारिकरीत्या ढिला आहे. उपकरणांचा परवाना असलेला खाजगी वैमानिक शून्य दृश्यमानतेतही उडाला तर कायद्याने तो गुन्हा नाही, निर्णय त्याचा. १७ फेब्रुवारी २०१०च्या सकाळी दाट धुक्यात पालो आल्टोहून उडालेलं दोन इंजिनांचं सेसना ३१० काही सेकंदांत विजेच्या तारांना धडकलं आणि ईस्ट पालो आल्टोच्या वस्तीत कोसळलं. आतले तिघेही गेले, आख्ख्या पालो आल्टोची वीज गेली. सवयीची पट्टी, सवयीची वाट, त्यामुळे 'आपलाच तर विमानतळ' ही भावना किती फसवी असते ते मी त्या तारांखालून जाताना दर वेळी आठवतो.

तर हे सगळं तोलून आम्ही निवडला लिव्हरमोर. लांब पट्टी, आयएलएस, किनाऱ्यापासून आत असल्यामुळे सकाळी लवकर मोकळं होणारं आकाश, आणि जागा लगेच. कागदावर तोड नव्हती.

कागदावर एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे रस्ता. सनीव्हेल ते लिव्हरमोर पस्तीस मैल. रविवारी सकाळी पाऊण तास. पण बुधवारी संध्याकाळी साडेपाचला ६८० क्रमांकाच्या महामार्गावर सुनोलच्या चढाला लागलात की सिलिकॉन व्हॅलीतून घरी निघालेली सगळी दुनिया तुमच्यापुढे उभी. दीड तास जायला. विमान सोडवायला, तपासायला, इंधन भरायला पाऊण तास. तोवर सूर्य मावळतो. पहिल्या महिन्यात आम्ही उत्साहाने गेलो. तिसऱ्या महिन्यात फोन सुरू झाले, "तू जातोयस का या आठवड्यात? मी पुढच्या." दिवाळी, मुलांच्या परीक्षा, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन, कारण कुठलंही चालायचं. विमान खुंटाला बांधलेलं.

खुंटाला हे उपमेसाठी म्हणत नाही. उघड्यावरच्या जागेला इथे टाय-डाउन म्हणतात. डांबरात रोवलेल्या तीन कड्या, त्यांतून दोन दावी पंखांना आणि एक शेपटीला. पूर्ण भरलं तरी हजारभर किलोचं विमान वाऱ्याने उचललं जाऊ नये म्हणून ते गुरासारखंच दावणीला बांधतात.

आणि बांधून ठेवलेलं जनावर जसं बिघडतं तसंच ते बिघडतं. या विमानांच्या आडव्या इंजिनांत झडपा हलवणारा कॅमशाफ्ट सगळ्यांत वर असतो. इंजिन बंद झालं की त्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं. रात्री हवा गार होते, उघड्या पोलादावर दवाचा बारीक थर धरतो, गंजाचे ठिपके पडतात. पुढल्या वेळी इंजिन सुरू केलं की ते ठिपके कानसीसारखे घासायला लागतात. लायकमिंग ही इंजिनं बनवणारी कंपनी सांगते की ३० दिवसांतून एकदा तरी किमान सलग तासभर उडा, आणि तेल ७४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या, म्हणजे आत साठलेलं पाणी वाफ होऊन निघून जाईल. जमिनीवर उभ्या-उभ्या दहा मिनिटं इंजिन फिरवणं हा उतारा नाही. त्याने पाणी उलट वाढतं, कारण इंधन जळताना पाण्याची वाफ होते आणि ती घालवण्याएवढं तेल तापत नाही. आम्ही नेमकं हेच करायचो. जायला उशीर झाला की "निदान इंजिन तरी फिरवून येऊ".

वर्ष झालं, तपासणी आली. खाजगी विमानाची दर बारा महिन्यांनी परवानाधारक मेकॅनिककडून संपूर्ण तपासणी सक्तीची असते. सगळे तिला 'ॲन्युअल' म्हणतात. मेकॅनिकने तेलाचा फिल्टर कापला, त्यातला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला. चमचमणारे कण. त्याने एकच प्रश्न विचारला, "उभं किती असतं?" डॉक्टर वजन विचारतात त्या सुरात. त्या वेळी थोडक्यात निभावलं, जास्त उडा आणि पुढचा फिल्टर पुन्हा कापू असं ठरलं. नाहीतर कॅमशाफ्ट बदलायला इंजिन उतरवून मधोमध उघडावं लागतं.

माणसाचंही तेच होतं. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या असल्या पाहिजेत. आमच्या तिघांपैकी दोघांच्या त्या होत नव्हत्या. म्हणजे विमान होतं, परवाने होते, आकाश मोकळं होतं, आणि बायकोला घेऊन माँटेरेला जायची सोय नव्हती. घरी यावर जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही.

मग आम्ही जवळचं शोधायला निघालो, आणि लगेच लक्षात आलं की जवळच्या जागा सगळ्यांनाच हव्या आहेत. हँगर, म्हणजे छपराखालची बंद जागा, तिच्यासाठी वर्षानुवर्षांच्या याद्या आहेत. मुलगा जन्मल्यावर बालवाडीत नाव घालतात तसं इथे विमान घ्यायच्या आधी हँगरच्या यादीत नाव घालतात. उघडं टाय-डाउन त्या मानाने सुकर आणि भाडंही हँगरच्या काही अंशात भागतं. हँगर मिळालेल्यांना एक बंधन आहे. अनेक जण तिथे जुना सोफा, होडी आणि सासूबाईंचं सामान ठेवायला लागले, तेव्हा केंद्राच्या विमान प्राधिकरणाने, म्हणजे एफएएने, २०१६ साली धोरण काढलं आणि १ जुलै २०१७पासून लागू केलं: सरकारी मदत घेतलेल्या विमानतळावरचा हँगर विमानासाठीच. तिथे बसून स्वतःचं विमान बनवत असाल तर मात्र चालतं.

उघड्यावर ठेवण्याची किंमत वेगळ्या पद्धतीने चुकवावी लागते. उन्हाने खिडक्यांच्या ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, रंग उडतो. वसंतात साळुंकीच्या जातीचे स्टार्लिंग पक्षी इंजिनाच्या झाकणाआड घरटं बांधतात, आणि सकाळी साफ केलेलं संध्याकाळी पुन्हा भरलेलं असतं. त्या काड्या इंजिन तापलं की पेटतात. खाऱ्या हवेचा त्रास आहेच. पालो आल्टो बेच्या दलदलीला लागून, समुद्रसपाटीपासून अवघ्या सात फुटांवर. माझा एक भागीदार हाच मुद्दा धरून लिव्हरमोर सोडायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण गंज धरतो तो न उडणाऱ्या विमानाला आधी. खाऱ्या हवेत आठवड्याला उडणारं विमान कोरड्या हवेत महिनाभर उभ्या विमानापेक्षा सुखरूप असतं, असं आमच्या मेकॅनिकचंही मत पडलं.

जवळचा दुसरा पर्याय होता रीड-हिलव्ह्यू. एकमेकींना समांतर दोन पट्ट्या, आखूडपणाची धास्ती नाही. तिथे प्रश्न आला इंधनाचा.

छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांना लागतं ते निळसर पेट्रोल म्हणजे ॲव्हगॅस, पूर्ण नाव १०० लो लेड. नावात 'लो' असलं तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. मोटारींच्या पेट्रोलातून शिसं अमेरिकेत १९९६ साली आणि भारतात २००० साली हद्दपार झालं, विमानांत राहिलं. कारण जास्त दाबाच्या इंजिनांना ठोके बसू नयेत म्हणून लागणारा १०० ऑक्टेन शिशाशिवाय साधत नव्हता. रीड-हिलव्ह्यूच्या चहूबाजूंनी दाट वस्ती आहे, बरीचशी कमी उत्पन्नाच्या लोकांची. सँटा क्लारा काउंटीने नेमलेल्या अभ्यासात विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं. २०२१च्या ऑगस्टमध्ये तो जाहीर झाला आणि १ जानेवारी २०२२पासून काउंटीने आपल्या दोन्ही विमानतळांवर, इथे आणि सॅन मार्टिनला, शिशाचं इंधन विकणं बंद केलं. मिळू लागलं ते ९४ ऑक्टेनचं बिनशिशाचं.

इथे विमानाचं साल आडवं येतं. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या १७२चं १५० अश्वशक्तीचं इंजिन कमी दाबाचं, त्याला ९४ चालतं. आमचं १९७८चं १६० अश्वशक्तीचं, ते १०० ऑक्टेनसाठीच बनलेलं. वरून दोन्ही विमानं जुळी भावंडं, पण एकाला घरच्या पंपावर जेवण मिळायचं आणि दुसऱ्याला दर वेळी बाहेर जेवून यावं लागायचं. २०२४च्या अखेरीस तिथे १०० ऑक्टेनचं बिनशिशाचं इंधनही आलं, आणि कॅलिफोर्नियाने कायदाच केला आहे की १ जानेवारी २०३१पासून राज्यात कुठेही शिशाचं विमान-इंधन विकायचं नाही. तेव्हा विमान घेणाऱ्याने विमानतळाचा पंप आणि आपलं इंजिन यांची पत्रिका जुळवूनच पुढे जावं.

माझ्या ओळखीतले बरेच वैमानिक या प्रकरणात काउंटीला शिव्या घालतात. विमानतळ आधी होता, घरं मागून आली, असं ते म्हणतात. गुऱ्हाळाशेजारी घर बांधून धुराची तक्रार करणारे सगळीकडे असतात, आणि आवाजाच्या तक्रारींबाबत मी वैमानिकांच्या बाजूने आहे. शिशाबाबत नाही. सहा वर्षांच्या पोराने घर कुठे घ्यायचं ते ठरवलेलं नसतं.

यातून आणखी एक प्रश्न निघतो, जो विमान घेताना कोणाच्या डोक्यात नसतो: हा विमानतळ दहा वर्षांनी असेल का? जमिनीच्या किमती बघता प्रत्येक नगरपालिकेला कधी ना कधी धावपट्टीच्या जागी घरं दिसायला लागतात. अडवतो तो केंद्राचा पैसा. डांबरासाठी, दिव्यांसाठी एफएएकडून अनुदान घेतलं की साधारण वीस वर्षं विमानतळ चालू ठेवायचं आणि सर्वांना वाजवी अटींवर, भेदभाव न करता वापरू द्यायचं बंधन येतं. म्हणून अनुदान घेणं थांबवलं की समजावं, हवा बदलते आहे. रीड-हिलव्ह्यूसाठी काउंटीने २०१८मध्ये तेच ठरवलं; जुनी बंधनं २०३१ला संपतात. लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिकाने २०१७ साली केंद्राशी तडजोड करून धावपट्टी जवळपास पाच हजार फुटांवरून ३,५०० फुटांवर आणली, आणि २०२८ संपलं की तो विमानतळ बंद करण्याची मुभा मिळवली. शिकागोच्या महापौरांना एवढाही धीर नव्हता. ३० मार्च २००३च्या मध्यरात्री त्यांनी मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर बुलडोझर घालून मोठमोठ्या फुल्या खोदवल्या. सकाळी सोळा विमानं अडकून पडलेली. शहराला ३३,००० डॉलर दंड झाला, अनुदानाचे दहा लाख परत करावे लागले, विमानतळ मात्र गेला तो गेलाच. जागा घेताना काउंटीच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. मी वाचतो.

कराची गोष्ट छोटी आहे पण मजेची. कॅलिफोर्नियात विमानाच्या बाजारभावावर दर वर्षी साधारण एक टक्का मालमत्ता कर लागतो, आणि तो कोणत्या काउंटीने घ्यायचा हे ठरतं १ जानेवारीला मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाच्या हिशेबाने. मग ३१ डिसेंबरला विमान नेवाडात नेऊन ठेवू, हा विचार प्रत्येक मालकाच्या मनात एकदा येतो. काउंटीच्या मनात तो पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेलेला असतो. त्या रात्री विमान कुठे होतं हे बघत नाहीत, त्याचा नेहमीचा मुक्काम कुठे ते बघतात.

गेल्या उन्हाळ्यात गावाकडे गेलो तर चुलतभावाने विचारलं, "विमान लावतोस कुठं रं तिथं?" गाडी लावतात तसं. त्याला हे सगळं सांगितलं. आमच्या कराडलाही धावपट्टी आहे, कोयना धरणाच्या काळातली. लहानपणी तिच्या कुंपणाशी उभं राहून आम्ही विमानाची वाट बघत असू, आणि ते क्वचितच यायचं. महाराष्ट्रात असा निवडीचा प्रश्न उभा राहण्याइतकी विमानंच नाहीत, आणि ज्या थोड्या पट्ट्या आहेत तिथे रोजचं इंधन आणि हाकेला येणारा मेकॅनिक ही जोडी सहजी जमत नाही. ॲव्हगॅस तर अगदी परवापर्यंत परदेशातून यायचं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं बाजारात आणलं ते २०२२मध्ये. भावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे गोठ्याचंच झालं की."

मेकॅनिकचं मी वर ओझरतं म्हटलं, पण जवळीकीनंतर माझ्या लेखी तोच. शेवटी लिव्हरमोर सोडून पालो आल्टोला आलो तेव्हा हँगर मिळाला नाही, पंखाखाली सावली नाही, पट्टी निम्म्याहून आखूड. पण फाटकापासून चालत तीन मिनिटांवर एक म्हातारा मेकॅनिक आहे, ज्याला आमच्या विमानाचा आवाज ओळखू येतो. तेल बदलणं, टायर बदलणं, दिव्याची वायर जोडणं अशी किरकोळ कामं मालकाने स्वतः करायला कायद्याची परवानगी आहे. फक्त ती कामं जागेवर करू देतात का, हे विमानतळागणिक बदलतं. आधी विचारून घ्यावं. आम्ही करतो तेव्हा म्हातारा लांबून बघतो, न बोलता. पाना चुकीचा घेतला तर खोकतो.

लॉगबुकात लिव्हरमोरच्या वर्षाची पानं अडीच भरली. पालो आल्टोच्या पहिल्या वर्षाची सहा. ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटांत मी विमानाशी असतो. तासभर डम्बार्टन पुलावरून हाफ मून बेच्या बाजूला चक्कर मारून, धुकं चढायच्या आत परत. फिल्टर पुन्हा दोनदा कापला, दोन्ही वेळा स्वच्छ.

कोणी विमान घ्यायच्या बेतात असाल तर आधी एक करा. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला घरून किंवा ऑफिसातून निघा आणि मनात असलेल्या विमानतळावर गाडीने जाऊन या. रविवारी नको. घड्याळ लावून जा. फाटक उघडायला तुमच्याकडे कोड नसेल, पण हरकत नाही. कुंपणाबाहेरून सगळं दिसतं.